सिस्टरची गादी

हवेवर माझा विश्वास आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जे दिवे लावले त्यांचं कारण कळेल. एकतीस वर्षं माझं टायरचं दुकान आहे. पंक्चर काढतो, ट्यूब बदलतो, हवा मारतो. लोकांना हवा म्हणजे फुकटची गोष्ट वाटते. अरे, दहा टन सिमेंट लादलेला ट्रक रस्त्यावरून जातो तो कशावर? लोखंडावर नाही. हवेवर. ती अर्धी कमी झाली तर ड्रायव्हर, क्लीनर आणि सिमेंट, तिघांचंही काही खरं नाही. तर अशा माणसाच्या घरात गादी घ्यायची वेळ आली.

माझी बायको मोठ्या इस्पितळात नर्स आहे. अख्खी गल्ली तिला सिस्टर म्हणते. मीही म्हणतो, आधी रागात म्हणायचो, मग सवयच लागली. गेल्या महिन्यात वॉर्डात एका पेशंटची चादर बदलताना ती वाकली, ती वाकलेलीच राहिली. दोन वॉर्डबॉय आणि एक डॉक्टर लागले तिला सरळ करायला. डॉक्टरांनी विचारलं, "पाठ कधीपासून दुखते?" ती म्हणाली, "झाली की पाच-सहा वर्षं." मी शेजारीच उभा होतो. ऐकलं आणि या कानाने घेऊन त्या कानाने सोडून दिलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, महिन्याची रजा लिहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आधी घरातली गादी बदला."

गादी बदलायला हवीच होती. आमची कापसाची गादी मधोमध एवढी बसली होती की रात्री आम्ही दोघं दोन कडांना झोपायचो आणि सकाळी खड्ड्यात भेटायचो. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मी म्हणालोसुद्धा, "झोप यायची असली की कुठेही येते. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा."

"धोंडा आहेच की शेजारी," सिस्टर म्हणाली. "झोप कुठाय?"

ती अशी बोलली की समजावं, अजून सगळं ठीक आहे. पण मग मेट्रनचा फोन आला. एक तारखेला पाठ ठीक करून आलात तर वॉर्ड, नाहीतर रेकॉर्ड रूम. रेकॉर्ड रूम म्हणजे तळघरातली एक खोली, तिथे जुन्या फायली आणि एक टेबलपंखा. सिस्टरने फोन ठेवला आणि म्हणाली, "सव्वीस वर्षं माणसं उठवली-बसवली, आता फायली उठवू-बसवू?" आणि रडली. मी तिला रडताना फार कमी वेळा बघितलंय. मी चहा टाकला, आणि तो उतू गेला तेव्हा ती डोळे पुसत उठून आली, गॅस बंद करायला. एक तारखेला अकरा दिवस उरले होते आणि बाईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

गाद्यांचं दुकान बस डेपोच्या मागच्या रस्त्यावर आहे. मालक आमच्याच वयाचा, आणि त्याच्या डोळ्यांखाली ही एवढी काळी वर्तुळं. जो माणूस चोवीस तास गाद्यांमध्ये राहून झोपू शकत नाही, त्याच्याकडून गादी घ्यायची म्हणजे टकल्याकडून कंगवा घेण्यासारखं झालं. पण बोलायला गोड होता. त्याने फोमच्या एका गादीवर पंजा दाबला, उचलला, आणि पंजाचा ठसा तसाच राहिला. मग सावकाश भरून आला.

"ही गादी तुमच्या अंगाचा आकार लक्षात ठेवते, साहेब."

"लक्षात ठेवायला घरात एक माणूस आहे," मी म्हणालो. "एकोणीस वर्षांपूर्वी मी तिच्या मावशीला काय बोललो ते शब्दन् शब्द पाठ आहे."

"अठरा," सिस्टर म्हणाली.

मालकाने आम्हाला चपला काढून दहा मिनिटं पडून बघायला सांगितलं. दहा मिनिटांचा नियमच होता, भिंतीवर तशी पाटी होती. सिस्टर एका कडेला टेकली, पाय वर घेतले आणि डोळे मिटले. मी पलीकडे पडलो. माझं वजन ब्याण्णव किलो. मी हळूहळू आत जायला लागलो. चिखलात ट्रक रुततो तसा, आधी मागचा भाग, मग बाकीचा. वर बघितलं तर मालकाचा चेहरा बराच लांब गेला होता.

"हवेची गादी नाही का?" मी तिथूनच विचारलं.

"आहे ना. पाहुणे आले की फुगवायची, गेले की घडी घालून कपाटात. पण साहेब, रोजच्यासाठी…"

"हवेची नको," सिस्टर डोळे मिटूनच म्हणाली.

"का?"

"नको म्हटलं ना."

"अगं पण कारण?"

"कारण काही नाही. वॉर्डात बघितल्यात तेवढ्या पुरे."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. परक्या माणसासमोर, गाद्यांच्या दुकानात, माझ्या बायकोने हवेला नावं ठेवावीत? मी कोपरावर उठायचा प्रयत्न केला, कोपर रुतलं, तरी तसाच आडवा पडून बोललो. म्हटलं, फोम म्हणजे तरी काय? हवाच की! हजार भोकं पाडून ठेवलेली हवा. ज्या ट्यूबला एक भोक पडतं ती मी फेकायला सांगतो, आणि इथे भोकांचेच पैसे द्यायचे!

"मुद्दा बरोबर आहे साहेबांचा," मालक म्हणाला, कारण त्याला दोन्ही विकायच्या होत्या.

आम्ही काही न घेता निघालो. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी कंडक्टरकडे. घरी येऊन ती खड्ड्यातल्या गादीवर न झोपता जमिनीवर चटई टाकून पडली, आणि रात्रभर मला तिच्या कुशी बदलण्याचा आवाज ऐकू येत राहिला. सकाळी उठायला तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? जाऊन फोमची गादी घेऊन येईल. मी शनिवारी जाऊन हवेची आणली.

माझा विचार असा होता की तिने बघितलेल्या गाद्यांना हवा भरणारे लोक अडाणी असणार. इस्पितळातला कुणीतरी पंप लावतो आणि निघून जातो. हवा हे जाणकाराचं काम आहे. माझ्या हातची हवा एकदा पाठीला लागली की बाई आपणहून माफी मागतील, हे चित्र मी दुकानातून घरी येईपर्यंत तीन-चारदा रंगवलं.

ती पाठ शेकायला फिजिओथेरपीला गेली होती. मी दुकानातला छोटा कॉम्प्रेसर घरी आणला, पलंग भिंतीला लावला आणि मोकळ्या जागेत गादी पसरली. सोबत एक कागद होता. त्यावर लिहिलं होतं, बोटाने दाबल्यावर गादी थोडी दबेल एवढीच हवा भरावी. अशा सूचना ज्यांना हवेतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी असतात. मी कागद बाजूला ठेवला आणि हवेचा दाब मोजायचा गेज लावला. माझा गेज ट्रकच्या टायरांचा. त्याची सुई जागची हललीच नाही. म्हणजे हवा कमी आहे, असा मी अर्थ काढला. अजून मारली. सुई ढिम्म. अजून मारली. शेवटी गादीच्या शिवणी करकरायला लागल्या तेव्हा थांबलो आणि बोटाने ठोकून बघितली. टण्णकन वाजली. मन भरून आलं.

सिस्टर दारात येऊन उभी राहिली. "हे काय?"

"गादी."

"मला वाटलं पूर येणार आहे म्हणून होडी आणलीत."

मग ती आत येऊन गादीकडे बघायला लागली. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. मला वाटलं, कौतुक असावं. मी माणूसच तसा आहे, मला माझं कौतुक कुठेही दिसतं.

"भांडायचंही त्राण नाही," ती म्हणाली. "आणलीच आहे तर पडते जरा."

ती हळूच एका कडेला टेकून आडवी झाली. गादी हललीसुद्धा नाही. मी म्हटलं, बघ, आणि दुसऱ्या कडेला बसलो. सिस्टरचं वजन बावन्न किलो. ती वीतभर वर गेली आणि थेट माझ्या पाठीवर येऊन आदळली. मी घाबरून उठलो, तशी गादी पुन्हा उसळली आणि ती दुसऱ्या बाजूला जमिनीवर उतरली, नशिबाने चटईवर, नशिबाने बसलेली. एकतीस वर्षांच्या धंद्यात मी टायरने माणूस फेकलेला बघितला नव्हता. मी तिच्याकडे धावलो तर ती तोंडाला पदर लावून हसत होती. "हसवू नका हो, पाठीत कळ येते," म्हणत होती आणि हसत होती.

मग हवा कमी करायचा कार्यक्रम झाला. मी व्हॉल्व दाबायचो, ती बोटाने दाबून बघायची. अजून. फुस्स. अजून. फुस्स. प्रत्येक फुस्सला माझ्या अब्रूतून थोडं थोडं काहीतरी जात होतं. शेवटी गादी कागदावर लिहिली होती तेवढीच मऊ झाली. दोघंही आडवे पडलो. खरं सांगतो, छान वाटलं. कुणी हललं की गादी जरा डुलायची, दुसऱ्याला खालून हलका धक्का लागायचा. दुपारचा दीड वाजला होता. तिचा श्वास संथ झाला. मी मनात म्हटलं, जिंकलो, आणि मलाही झोप लागली.

साडेतीनला मला जाग आली ती कुणीतरी उचललं म्हणून. एक हात माझ्या खांद्यामागे होता, एक कमरेमागे, आणि मी काही म्हणायच्या आत ब्याण्णव किलोचा मी अलगद भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. पाठीशी उशी खोचली गेली. वर गेलेला माझा शर्ट खाली ओढला गेला. अंगाखालच्या चादरीची सुरकुती तळव्याने सपाट करून झाली. मग माझ्या डोक्यावरून हात फिरला आणि सिस्टर अगदी हळू म्हणाली, "झालं हं आई, झालं. आता दोन तास नाही त्रास देणार."

मी मान वळवून बघितलं. तिचे डोळे मिटलेले होते. ती झोपेतच होती. पुन्हा आडवी झाली आणि तिचा श्वास पुन्हा तसाच संथ चालू झाला.

मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. तिने लावलेली उशी पाठीशी होती आणि मला हलायची हिंमत होईना.

माझी आई सहा वर्षांपूर्वी गेली. शेवटचे आठ महिने अंथरुणाला खिळून होती, याच घरात, पलीकडच्या खोलीत. तिच्यासाठी आम्ही हवेची गादी आणली होती, विजेच्या पंपाची. ती गादी माझं खातं होतं. चारदा तिला पंक्चर झालं, चारही वेळा मी काढलं, आणि असं काढलं की ठिगळ बोटाला लागणार नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगायचो, आठ महिने झोपून आहे पण आईच्या अंगावर एक जखम नाही, गादीच तशी ठेवलीये मी. लोक मान डोलवायचे. सिस्टर तेव्हा चहाचे कप घेऊन आत-बाहेर करत असायची. ती कधी मध्ये बोलली नाही.

अंथरुणावरच्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर गादी सोन्याची असली तरी पाठ सोलून निघते, हे मला तेव्हाही माहीत होतं. ती ड्यूटीवर गेली की शेजारच्या मावशी येऊन बसायच्या. बाकीचा वेळ तीच. आठ महिने. मी आईची कूस एकदाही बदलली नाही. मला वाटायचं, ती शिकलेली आहे, तिला जमतं. खरं म्हणजे मला भीती वाटायची, आईच्या अंगाला हात लावायची. म्हणून मी गादीला हात लावायचो.

चारच्या सुमाराला सिस्टरला जाग आली आणि लगेच "आई गं!" असा आवाज आला. पाठ धरली होती. ब्याण्णव किलो उचलल्यावर धरणारच. तिला उठवायला गेलो तर हाताला जोर द्यायला जागा नाही. ती जिथे हात टेकायची तिथे गादी खाली जायची आणि दुसरीकडून तिला परत लोळवायची. मी एक पाय गादीवर टाकला, तशी सिस्टर कलंडली.

"तुम्ही लांब उभे राहा!" ती ओरडली.

शेवटी मी जाऊन व्हॉल्वच उघडला. जॅकवरून गाडी उतरवतात तशी सिस्टर फुस्स आवाजाबरोबर इंचाइंचाने खाली आली आणि जमिनीला टेकली. मीही शेजारी बसलो.

"मघाशी तू मला कुशीवर वळवलंस," मी म्हणालो.

"काहीतरीच."

"पाठीमागे उशीपण लावलीस. आणि मला आई म्हणालीस."

ती छताकडे बघत म्हणाली, "म्हणून नको म्हणत होते. ती गादी खालून हलली ना, की ड्यूटी लागल्यासारखं होतं हो मला. हात आपोआप उठतात."

"पाठ तेव्हापासूनच?"

"तेव्हापासूनच. आई शेवटी शेवटी अगदी हलक्या झाल्या होत्या. पण आजारी माणूस कितीही हलकं झालं तरी उचलताना जडच लागतं."

"मला का नाही उठवलंस कधी?"

"उठवलं होतं. दोनदा."

"मग?"

"मग काय? तुम्ही उठलात, गादीची हवा तपासलीत, बरोबर आहे म्हणालात आणि परत झोपलात."

मला लाज वाटली. तिला ऐकवायला दुसरा शब्द शोधत बसलो नाही. म्हणालो, "मला लाज वाटतेय. चुकलं माझं. आणि आईला जखम झाली नाही ती काही गादीमुळे नाही."

"हो, तेवढं येणाऱ्या-जाणाऱ्यालाही सांगा आता," ती म्हणाली, आणि डोळे पुसले. मग म्हणाली, "आधी मला उठवा. कमरेला धरा. दंडाला नाही, कमरेला. तुमचा गुडघा वाकवा. हां, आता." एवढी वर्षं संसार झाला, आणि माणसाला कसं धरून उठवतात ते मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा त्या दुकानात. मालकाने मला ओळखलं आणि आधीच हात वर केले. "हवेची परत घेता येत नाही, साहेब."

"परत द्यायला नाही आलो. ती माझ्या दुकानात राहील, मी पडेन तिच्यावर. यांना ती फोमची दाखवा."

"भोकांची?" मालक म्हणाला. लक्षात ठेवणारे लोक सगळीकडे असतात.

"भोकांचीच," मी म्हणालो.

सिस्टरने चपला काढल्या, कुशीवर झाली, गुडघे जरा पोटाशी घेतले. मी शेजारी पडलो नाही. स्टूल ओढून बसलो. गादी तिच्याखाली तिच्यापुरती दबली आणि गप्प राहिली. दोन मिनिटांत तिचं तोंड किंचित उघडलं.

दहा मिनिटं झाली तसा मालक आला. "ताई, कशी वाटली?"

"श्श!" मी म्हणालो.

"अहो, पण विचारायचं तर…"

"पसंत आहे. हीच हवी."

"ही नमुन्याची आहे साहेब, तुम्हाला कोरी मिळेल. घरपोच."

"कोरी द्या. पण हिला उठवू नका."

थोड्या वेळाने एक जोडपं आलं. नवीन संसार असावा, दोघंही प्रत्येक गादीवर उड्या मारून हसत होते. त्यांना नेमकी तीच बघायची होती. मालक माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दहा मिनिटांचा नियम आहे साहेब."

"कुणी केला?"

"मीच."

"मग तुम्हीच मोडा. आणि त्यांना सांगा, हसायचं तर बाहेर जाऊन हसा."

मालकाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सिस्टरकडे. मग जोडप्याला पलीकडच्या रांगेत नेलं. येताना माझ्यासाठी पाणी घेऊन आला.

मी घड्याळ बघत होतो. मला दोन तासांची धास्ती होती. पावणेचारला ती झोपली होती. पाच वाजले, साडेपाच. पावणेसहाला मी स्टूल पुढे सरकवलं आणि तिच्या हातांकडे बघत बसलो. ते हात आता उठणार आणि मला शोधणार असं वाटत होतं. पावणेसहा होऊन गेले. सहा वाजले. उजवा हात गालाखाली होता, डावा गादीवर उताणा पडला होता, बोटं सैल. हलले नाहीत. पुढे एक तारखेला ती वॉर्डातच रुजू झाली आणि रेकॉर्ड रूमला दुसरं कुणीतरी शोधावं लागलं, पण मला विचाराल तर ती बरी झाली ती तिथे, सहा वाजता.

साडेसातला मालकाने बाहेरचे दिवे बंद केले. शटर निम्मं खाली आणलं, तेही दोन्ही हातांनी धरून, आवाज होऊ न देता. मग माझ्याजवळ वाकून हळूच विचारलं, "साहेब, ताईंची तब्येत बरी नाही का? पेशंट आहेत?"

"नाही हो," मी म्हणालो. "सिस्टर आहेत. आठ महिन्यांची ड्यूटी होती, आत्ता सुटल्यात."